उपयोगिता-क्लासांमधील संघर्ष (सीएसएस)

उपयोगिता-क्लासांमधील संघर्ष ही वेब-विकसनातील एक तांत्रिक समस्या आहे. संकेतस्थळाच्या पानावरील एकाच घटकाला, एकाच दृश्य गुणधर्माला वेगवेगळी मूल्ये देणारे दोन किंवा अधिक सीएसएस क्लास लावले गेले, की हा संघर्ष उद्भवतो. अशा वेळी ब्राउझर (न्याहाळक) त्यांपैकी एकच मूल्य स्वीकारतो. ही निवड क्लास ज्या क्रमाने लिहिले आहेत त्यावर अवलंबून नसते. शैलीपत्रकात त्या क्लासांचे नियम ज्या क्रमाने आले आहेत, त्यावरून ती ठरते. त्यामुळे लेखकाच्या अपेक्षेपेक्षा वेगळा परिणाम दिसू शकतो आणि पानाच्या मांडणीत दोष उत्पन्न होतो. हा संघर्ष टाळण्यासाठी क्लासांचे विलीनीकरण करणारी साधने, कॅस्केडचे स्तर आणि घटकांची शिस्तबद्ध रचना असे उपाय वापरले जातात.

या लेखात सीएसएसमधील क्लासांची आणि गुणधर्मांची नावे देवनागरीत लिप्यंतरित करून दिली आहेत.

पार्श्वभूमी

सीएसएस ही वेब-पानांचे दृश्य रूप ठरवणारी भाषा आहे. हॉकोन व्हियुम ली यांनी १९९४ साली सर्न या संशोधनसंस्थेत काम करत असताना तिचा पहिला प्रस्ताव मांडला. पुढे बर्ट बोस यांच्या सहकार्याने ती विकसित झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिची पहिली आवृत्ती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. भाषेच्या नावातील ‘कॅस्केडिंग’ हा शब्द तिच्या मूळ तत्त्वाचा निदर्शक आहे. एकाच घटकाला अनेक ठिकाणांहून आलेले नियम लागू होऊ शकतात आणि त्यांतील कोणता अंतिम ठरेल हे निश्चित पायऱ्यांनी ठरवले जाते.

प्रारंभीच्या काळात क्लासांची नावे मजकुराच्या अर्थावरून ठेवण्याची पद्धत रूढ होती. बातमीच्या चौकटीला ‘बातमी’, मथळ्याला ‘मथळा’ असा क्लास देऊन त्याचे रंग, समास, अक्षरांचा आकार वगैरे सर्व गुणधर्म शैलीपत्रकात एकत्र लिहिले जात. मोठ्या संकेतस्थळांवर मात्र या पद्धतीने शैलीपत्रके सतत वाढत गेली. एखादा जुना नियम काढला तर कोणते पान बिघडेल हे सांगणे अवघड होऊ लागले.

यावर उपाय म्हणून एका क्लासाने एकच लहान काम करावे ही कल्पना पुढे आली. याहू या कंपनीत काम करणारे तिएरी कोब्लेंत्झ यांनी २०१३ साली लिहिलेल्या लेखातून या विचाराची मांडणी केली. ‘अटॉमिक सीएसएस’ या नावाने तो ओळखला जातो. त्यानंतर टॅकियॉन्स हा संच लोकप्रिय झाला. अ‍ॅडम वॉथन यांनी २०१७ मध्ये टेलविंड सीएसएस प्रसिद्ध केले आणि ही पद्धत जगभर पसरली. टेलविंडमधील ‘पी-४’ हा क्लास घटकाच्या चारही बाजूंना आतून मोकळी जागा देतो, ‘टेक्स्ट-रेड-६००’ हा अक्षरांना लाल रंग देतो, तर ‘टेक्स्ट-सेंटर’ हा मजकूर मध्यभागी आणतो. असे अनेक क्लास एका घटकावर लावून हवे ते रूप तयार केले जाते. अशा क्लासांना उपयोगिता-क्लास म्हणतात.

कॅस्केड आणि क्लासांचा क्रम

एका गुणधर्मासाठी अनेक घोषणा उपलब्ध असतील तर ब्राउझर त्यांची तुलना ठरावीक निकषांनी करतो. नियमाचे उगमस्थान आणि त्याला दिलेले महत्त्व, घटकावर थेट लिहिलेली शैली, कॅस्केडचा स्तर, सिलेक्टरची विशिष्टता आणि शेवटी शैलीपत्रकातील स्थान हे त्यांतील प्रमुख निकष होत. वरच्या निकषावर निर्णय झाला तर खालचा निकष तपासला जात नाही.

विशिष्टता म्हणजे सिलेक्टरचे वजन. ते मोजताना प्रथम आयडींची संख्या, मग क्लास, गुणविशेष आणि आभासी-क्लास यांची संख्या आणि शेवटी मूलघटकांच्या नावांची संख्या पाहिली जाते. ‘पी-२’ आणि ‘पी-४’ या दोन्हींचा सिलेक्टर एकेका क्लासाचा असल्याने त्यांचे वजन समान असते. दोन्ही एकाच शैलीपत्रकातून, एकाच स्तरातून येतात. म्हणून निर्णय शेवटच्या निकषावर जातो. शैलीपत्रकात जो नियम नंतर येतो, तो लागू होतो.

एचटीएमएलमधील ‘क्लास’ या गुणविशेषाचे मूल्य हा मोकळ्या जागांनी विलग केलेल्या नावांचा संच असतो आणि सिलेक्टर जुळवताना त्या नावांच्या क्रमाला अर्थ नसतो. ‘पी-४ पी-२’ आणि ‘पी-२ पी-४’ या दोन्ही लेखनांचा परिणाम एकच होतो. टेलविंड लहान मूल्ये आधी आणि मोठी नंतर मांडते. त्यामुळे दोन्ही वेळा ‘पी-४’ लागू होतो आणि मूळ मांडणीनुसार १६ पिक्सेल जागा सुटते. ‘पी-२’ नंतर लिहिला म्हणून ८ पिक्सेल जागा सुटेल अशी अपेक्षा ठेवणाऱ्याची फसगत होते.

जोपर्यंत एका घटकाचे सर्व क्लास एकाच ठिकाणी, एकाच व्यक्तीने लिहिलेले असतात, तोपर्यंत असे दोन क्लास एकत्र येण्याचे कारण नसते. संघर्षाचा खरा उगम पुनर्वापरात आहे. रिअ‍ॅक्ट, व्ह्यू यांसारख्या संचांत बटण, चौकट, पाटी असे घटक एकदा तयार करून अनेक पानांवर वापरले जातात. घटकाचे स्वतःचे मूळ क्लास असतात. वापरणारा आपल्या गरजेप्रमाणे त्यात आणखी क्लास बाहेरून पाठवतो. हे दोन्ही संच एका ओळीत जोडले गेले की परस्परविरोधी नावे शेजारी येतात.

संघर्षाचे प्रकार

सर्व संघर्ष एकाच स्वरूपाचे नसतात. त्यांचे पुढील प्रकार करता येतात.

समान गुणधर्माचा संघर्ष : दोन क्लास नेमक्या त्याच गुणधर्माला वेगळी मूल्ये देतात. ‘पी-२’ व ‘पी-४’ किंवा ‘टेक्स्ट-रेड-६००’ व ‘टेक्स्ट-ब्लू-६००’ ही त्याची उदाहरणे होत.

व्यापक आणि मर्यादित गुणधर्माचा संघर्ष : ‘पी-२’ चारही बाजूंना लागू होतो, तर ‘पीएक्स-४’ केवळ डाव्या व उजव्या बाजूंना. टेलविंडच्या शैलीपत्रकात मर्यादित क्लास व्यापक क्लासानंतर येतात. त्यामुळे ‘पी-२ पीएक्स-४’ हे संयोजन उपयुक्त ठरते : वर-खाली कमी आणि बाजूंना अधिक जागा मिळते. परंतु घटकात आधीच ‘पीएक्स-४’ असेल आणि वापरणाऱ्याने सर्व बाजूंना समान जागा हवी म्हणून ‘पी-२’ पाठवला, तर बाजूंची जागा बदलत नाही.

अप्रत्यक्ष संघर्ष : काही क्लास एकाहून अधिक गुणधर्म ठरवतात. टेलविंडमधील ‘टेक्स्ट-एलजी’ हा अक्षरांच्या आकारासोबत ओळीची उंचीही देतो. त्यामुळे ओळीची उंची ठरवणाऱ्या ‘लीडिंग’ या गटाशी त्याचा संबंध येतो, जरी नावांवरून तो दिसत नसला.

केवळ भासणारा संघर्ष : ‘टेक्स्ट-एलजी’, ‘टेक्स्ट-सेंटर’ आणि ‘टेक्स्ट-रेड-६००’ यांची सुरुवात सारखी असली तरी ते अनुक्रमे आकार, संरेखन आणि रंग ठरवतात. ते एकत्र नांदू शकतात. त्याचप्रमाणे ‘पी-४’ आणि ‘हॉव्हर:पी-२’ यांच्यात संघर्ष नाही. दुसरा क्लास दर्शक घटकावर नेल्यावरच लागू होण्यासाठी असतो.

उदाहरण : पेण आणि रोहा

देवनागरी मजकुराच्या बाबतीत हा संघर्ष केवळ सौंदर्यापुरता राहत नाही. रायगड जिल्ह्यातील स्थानकांची माहिती देणाऱ्या एका काल्पनिक पानावरून हे समजून घेता येते. पेण हे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले तालुक्याचे ठिकाण आहे. कुंडलिका नदीकाठच्या रोह्यापासून कोकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ही दोन्ही स्थानके येतात. पानावर प्रत्येक स्थानकासाठी एक पाटी असून तिच्यावर स्थानकाचे नाव मोठ्या अक्षरांत आहे.

समजा, पाटीचा हा घटक रोमन लिपीतील नावांसाठी तयार केलेल्या संचातून घेतला आहे. त्यात ‘लीडिंग-नन’ हा क्लास आहे. तो ओळीची उंची अक्षरांच्या आकाराएवढीच ठेवतो. सोबत ‘ट्रंकेट’ हा क्लास आहे. लांब नाव एका ओळीत मावले नाही तर तो उरलेला भाग लपवतो आणि चौकटीबाहेर जाणारे सर्व काही छाटतो. रोमन मोठ्या अक्षरांना याने सहसा बाधा येत नाही. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार असतात. ओळीची उंची अपुरी असेल तर फॉन्टच्या घडणीनुसार हा वरचा भाग चौकटीबाहेर जातो आणि छाटला जातो.

‘पेण’ या नावातील मात्रा गेली तर ‘पण’ उरते. ‘रोहा’ या नावातील मात्रा गेली तर ‘राहा’ उरते. दोन्ही मराठीतील अर्थपूर्ण शब्द असल्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाला त्यात काही वावगे दिसणार नाही. शिवाय मूळ मजकूर पूर्ण आणि बरोबरच असतो. दोष फक्त पडद्यावर असतो.

हे लक्षात आल्यावर पान तयार करणारा पाटीला बाहेरून ‘लीडिंग-लूज’ हा क्लास पाठवतो. तो ओळीची उंची अक्षरांच्या आकाराच्या दुप्पट करतो. आता घटकावर ‘लीडिंग-नन’ आणि ‘लीडिंग-लूज’ असे दोन्ही क्लास येतात. टेलविंडच्या चौथ्या आवृत्तीत एकाच गुणधर्माच्या अशा नामांकित क्लासांचे नियम नावाच्या वर्णक्रमाने मांडले जातात. रोमन वर्णमालेत ‘लूज’चे आद्याक्षर ‘नन’च्या आद्याक्षराआधी येते. म्हणून ‘लीडिंग-नन’ मागे राहून लागू होतो आणि दुरुस्ती करूनही मात्रा कापलेलीच राहते.

याच ठिकाणी ‘लीडिंग-रिलॅक्स्ड’ पाठवला असता तर दुरुस्ती लागू झाली असती, कारण त्याचे आद्याक्षर वर्णमालेत पुढे आहे. एक क्लास चालतो आणि तसाच दुसरा चालत नाही, याचे कारण पानाच्या रचनेत कोठेही दिसत नाही. योगायोगाने चाललेली दुरुस्ती पुढे नाव बदलल्यावर किंवा साधनाची आवृत्ती बदलल्यावर निकामी होऊ शकते.

अक्षरांमधील अंतराच्या बाबतीतही असेच घडते. रोमन मोठ्या अक्षरांच्या पाट्यांवर ‘ट्रॅकिंग-वाइड’ हा क्लास लावण्याचा प्रघात आहे. देवनागरीत अक्षरे विलग केली की शिरोरेषा तुटते आणि शब्द एकसंध दिसत नाही. यावर ‘ट्रॅकिंग-नॉर्मल’ पाठवला तरी त्याच वर्णक्रमामुळे ‘ट्रॅकिंग-वाइड’ टिकून राहतो. ‘अपरकेस’ हा क्लास मात्र देवनागरीवर काहीच परिणाम करत नाही, कारण या लिपीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाही.

क्लासांची जोडणी

क्लासांच्या यादी एकत्र करण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे अक्षरमालांची जोडणी. अट खरी असेल तर एखादा क्लास घालावा, अन्यथा वगळावा, यासाठी जावास्क्रिप्टमध्ये क्लासनेम्स आणि सीएलएसएक्स ही छोटी ग्रंथालये प्रचलित आहेत. ‘गाडी उशिरा असेल तर लाल रंग लाव’ अशी अट त्यांच्या साहाय्याने सुटसुटीत लिहिता येते. रिकामी आणि असत्य मूल्ये ती वगळतात. मात्र त्यांना क्लासांचा अर्थ माहीत नसतो. ‘लीडिंग-नन’ आणि ‘लीडिंग-लूज’ ही त्यांच्या दृष्टीने दोन वेगळी नावे आहेत, म्हणून ती दोन्ही अंतिम यादीत जातात.

जोडणी करताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. टेलविंड प्रकल्पातील फायली वाचून त्यांत आढळलेल्या पूर्ण नावांचेच नियम तयार करते. ‘टेक्स्ट-’ या तुकड्याला चालू कार्यक्रमात रंगाचे नाव जोडून क्लास बनवला, तर ते पूर्ण नाव फायलीत कोठेच नसते आणि त्याचा नियमही तयार होत नाही. अशा वेळी लागू न झालेला क्लास संघर्षात हरला असे वाटू शकते. प्रत्यक्षात तो नियम शैलीपत्रकात अस्तित्वातच नसतो. म्हणून पर्यायी क्लास पूर्ण नावांनी लिहून त्यांतून निवड करणे योग्य मानले जाते.

अर्थ ओळखून विलीनीकरण

२०२१ साली प्रसिद्ध झालेले टेलविंड-मर्ज हे मुक्तस्रोत ग्रंथालय क्लासांचा अर्थ विचारात घेऊन संघर्ष सोडवते. यादीत जो क्लास नंतर आला तो टिकावा आणि त्याच्याशी विसंगत असलेला आधीचा क्लास काढून टाकावा, हे त्याचे मूलतत्त्व आहे. लेखकाला जो क्रम नैसर्गिक वाटतो, तोच अशा रीतीने परिणामकारक होतो. ब्राउझरपर्यंत संघर्ष पोहोचतच नाही.

त्याची कार्यपद्धती पुढीलप्रमाणे आहे. प्रथम ओळ मोकळ्या जागांवर तोडून नावे वेगळी केली जातात. मग यादी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली जाते. प्रत्येक नावातील ‘हॉव्हर’, ‘एमडी’ यांसारखे उपसर्ग, महत्त्वदर्शक उद्गारचिन्ह आणि मूळ क्लास हे भाग विलग केले जातात. मूळ क्लासावरून तो कोणत्या गटातील आहे हे ठरते : आतील जागा, रंग, अक्षराकार, ओळीची उंची इत्यादी. त्याच उपसर्गांसह त्याच गटातील क्लास आधी आढळला असेल, तर सध्याचा क्लास वगळला जातो. नसेल, तर तो ठेवून त्याचा गट आणि त्या गटाशी विसंगत असलेले इतर गट यांची नोंद केली जाते. ज्या नावाचा गट ओळखता येत नाही, ते जसेच्या तसे ठेवले जाते.

गटांमधील विसंगती एकतर्फी असू शकते, हे या पद्धतीचे महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे. ‘पी’ हा गट ‘पीएक्स’ला पूर्णपणे झाकतो, पण ‘पीएक्स’ ‘पी’ला पूर्णपणे झाकत नाही. म्हणून ‘पीएक्स-४ पी-२’ या यादीतून केवळ ‘पी-२’ उरतो, तर ‘पी-२ पीएक्स-४’ या यादीतील दोन्ही क्लास टिकतात. वरील पाटीच्या उदाहरणात ‘लीडिंग-नन ट्रंकेट लीडिंग-लूज’ या यादीतून ‘ट्रंकेट लीडिंग-लूज’ उरते. ओळीची उंची दुप्पट होते आणि मात्रेला जागा मिळते.

अप्रत्यक्ष संघर्षाच्या बाबतीत मात्र सावधगिरी आवश्यक असते. ‘टेक्स्ट-एलजी’ ओळीची उंचीही ठरवत असल्याने टेलविंड-मर्ज त्याला ‘लीडिंग’ गटाशी विसंगत मानते. त्यामुळे ‘लीडिंग-लूज टेक्स्ट-एलजी’ या यादीतून ‘लीडिंग-लूज’ गळतो. विलीनीकरणाविना हेच दोन क्लास एकत्र राहिले असते आणि ‘लीडिंग-लूज’ची उंची लागू झाली असती. अक्षरांचा आकार आधी आणि ओळीची उंची नंतर लिहिण्याची सवय असल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

सीएलएसएक्स आणि टेलविंड-मर्ज यांना एकत्र गुंफणारे ‘सीएन’ नावाचे छोटे फलन अनेक प्रकल्पांत आढळते. शॅडसीएन/यूआय या घटकसंचामुळे ते विशेष परिचित झाले. त्यात आधी अटी सोडवल्या जातात आणि नंतर उरलेल्या यादीतील संघर्ष मिटवला जातो.

पर्यायी उपाय

महत्त्वदर्शक चिन्ह : घोषणेला ‘महत्त्वाची’ अशी खूण जोडली की ती सामान्य घोषणांवर मात करते. बूटस्ट्रॅपमधील उपयोगिता-क्लासांना ही खूण मुळातच जोडलेली असते, जेणेकरून ते घटकांच्या शैलीला हमखास बदलू शकतील. टेलविंडमध्ये क्लासाला उद्गारचिन्ह लावून हाच परिणाम साधता येतो. परंतु तशी खूण असलेले दोन क्लास समोरासमोर आले की निर्णय पुन्हा शैलीपत्रकातील क्रमावरच जातो. खुणेचा वापर वाढत गेला की पुढील प्रत्येक बदलासाठीही तीच खूण लागते.

कॅस्केडचे स्तर : २०२२ च्या पूर्वार्धात प्रमुख ब्राउझरांनी स्तरांची सुविधा दिली. शैलीपत्रकाचे नामांकित स्तर करून त्यांचा क्रम जाहीर करता येतो. नंतर जाहीर केलेल्या स्तरातील नियम, विशिष्टता कमी असली तरी, आधीच्या स्तरातील नियमांवर मात करतो. महत्त्वाची खूण असलेल्या घोषणांच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो. टेलविंडची चौथी आवृत्ती विषय, पाया, घटक आणि उपयोगिता असे स्तर वापरते. घटकाची शैली ‘घटक’ स्तरात लिहिली तर वापरणाऱ्याचा कोणताही उपयोगिता-क्लास तिच्यावर निश्चितपणे मात करतो. पण एकाच स्तरातील दोन उपयोगिता-क्लासांमधील संघर्ष स्तरांमुळे सुटत नाही.

शून्य विशिष्टता : ‘व्हेअर’ या आभासी-क्लासात गुंडाळलेल्या सिलेक्टरचे वजन शून्य धरले जाते. घटकाच्या मूळ शैलीसाठी तो वापरल्यास बाहेरून आलेला कोणताही क्लास सहज प्रभावी ठरतो.

जाहीर पर्याय : घटकाने बाहेरून कोणतेही क्लास न स्वीकारता मोजके पर्याय जाहीर करावेत, असाही एक मार्ग आहे. पाटीच्या घटकाला ‘लिपी : देवनागरी’ किंवा ‘लिपी : रोमन’ असे मूल्य द्यावे आणि त्यावरून घटकाने स्वतःच योग्य क्लासांची एकच यादी निवडावी. दोन्ही याद्या कधीच एकत्र येत नसल्याने संघर्षाला वाव राहत नाही.

संकलनाच्या वेळी निराकरण : मेटा या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये मुक्तस्रोत केलेले स्टाइलएक्स हे साधन शैली वस्तुरूपात लिहून घेते आणि त्यांपासून एकेका गुणधर्माचे क्लास तयार करते. कोणता क्लास कोणत्या गुणधर्माचा आहे हे साधनालाच ठाऊक असल्याने शेवटी दिलेली शैली प्रभावी ठरण्याची हमी देता येते.

मर्यादा

विलीनीकरणाचे साधन क्लासांच्या नावांवरून त्यांचा अर्थ लावते. त्यामुळे प्रकल्पाने स्वतःची नावे तयार केली असतील तर ती साधनाला कळवावी लागतात. एखाद्या प्रकल्पात अक्षरांच्या आकारासाठी ‘टेक्स्ट-’ने सुरू होणारा नवा क्लास केला आणि तो कळवला नाही, तर साधन त्याला रंगाचा क्लास समजू शकते. मग पुढे खरा रंगाचा क्लास आला की आकाराचा क्लास विनाकारण गळतो. या दोषाचा शोध घेणे कठीण असते, कारण अंतिम पानात त्या क्लासाचा मागमूसच उरत नाही.

दुसरी मर्यादा आवृत्त्यांची आहे. टेलविंडमध्ये क्लासांची भर पडते, काहींची नावे बदलतात. विलीनीकरणाच्या साधनाची आवृत्ती त्याला अनुरूप असावी लागते. तिसरी मर्यादा खर्चाची आहे. गटांची संपूर्ण माहिती पानासोबत वापरणाऱ्याच्या यंत्रावर पाठवावी लागते आणि घटक रेखाटताना गणन करावे लागते. टेलविंड-मर्ज आधी सोडवलेल्या याद्यांचे निकाल स्मृतीत जपून हा भार कमी करते.

तत्त्वाच्या पातळीवरही मतभेद आहेत. घटकाने बाहेरून वाटेल तो क्लास स्वीकारणे म्हणजे त्याची अंतर्गत रचना उघडी करणे होय, असे काही विकसकांचे मत आहे. घटकाच्या आतील एक क्लास बदलला तर त्यावर विसंबून बाहेरून पाठवलेला क्लास निरर्थक होऊ शकतो. याउलट, प्रत्येक संभाव्य गरजेसाठी वेगळा पर्याय जाहीर करत गेल्यास पर्यायांची संख्या आवाक्याबाहेर जाते, असा प्रतिवाद केला जातो.

देवनागरीसाठी घ्यावयाची काळजी

परभाषी संकेतस्थळांसाठी घडवलेले घटक मराठी पानांवर वापरताना ओळीची उंची, अक्षरांतर आणि छाटणी हे तीन गुणधर्म प्रथम तपासले जातात. ‘र्‍हस्व-दीर्घ’, ‘कीर्ती’, ‘मूर्तींचे’ अशा, वर आणि खाली चिन्हे असलेल्या शब्दांनी चाचणी केल्यास कापली जाणारी चिन्हे लवकर ध्यानात येतात. ‘पेण’ आणि ‘रोहा’ यांसारखी नावे विशेष उपयोगी ठरतात, कारण त्यांतील चिन्ह गळल्यावरही वाचण्याजोगा शब्द उरतो आणि घाईत केलेल्या तपासणीत चूक नजरेतून सुटते.

एकाच पानावर दोन लिप्या असतील तर घटकावर भाषेची नोंद करून त्यानुसार शैली देणे शक्य असते. सीएसएसमध्ये ‘लँग’ या आभासी-क्लासाने मराठी म्हणून नोंदलेल्या मजकुराची निवड करता येते. असा नियम उपयोगिता-क्लासांच्या नंतरच्या स्तरात ठेवल्यास मराठी मजकुराची ओळ-उंची आणि अक्षरांतर घटकाच्या मूळ क्लासांवर अवलंबून राहत नाहीत. सीएसएसमधील क्लासांची नावे देवनागरीतही ठेवता येतात, कारण भाषेच्या व्याकरणात नावांसाठी रोमनेतर अक्षरांना मुभा आहे. मात्र विलीनीकरणाची साधने अशा नावांचा गट ओळखत नसल्याने ती त्यांना न बदलता पुढे पाठवतात, आणि त्यांच्यातील संघर्ष लेखकालाच सोडवावा लागतो.